मामा-मामीचं एकमत

माझ्या नवऱ्याचं आणि माझं एकमत झालेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मीठ किती, पंखा कितीवर, खिडकी उघडी की बंद, कशावरही आमचं वाजतं. दोघंही एकाच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, दोघंही रक्तातल्या पेशी बघून आजाराला नाव देणारे, त्यामुळे घरचं भांडण डब्याबरोबर इथं येतं आणि रिकाम्या डब्याबरोबर परत जातं. माझ्या नणंदेची मुलगी लहानपणी सुट्टीत आमच्याकडे राहायची. शेजारच्या खोलीत आमचा आवाज चढला की तिला म्हणे छान झोप लागायची. एकदा आम्ही दोघं कशावरून तरी गप्प बसलो होतो, तर ही डोळे चोळत उठून आली आणि म्हणाली, "मामी, कोण मेलं?"

तिला घरात सगळे बुटकी म्हणतात. वयाच्या मानाने फारच छोटी होती म्हणून. पुढे ती ताडमाड वाढली, पण नाव काही सुटलं नाही. आता ती केस कापण्याच्या दुकानात काम करते, आणि माझ्या डोक्याकडे बघून दर वेळी विचारते, "हे कुणी केलं तुला?" गेल्या काही आठवड्यांत तिच्या हिरड्या सुजल्या, मांड्यांवर आपोआप काळेनिळे डाग उठले, मानेत गाठी आल्या आणि ताप उतरेना. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या होत्या. रक्ताचा कर्करोग आहे हे तेव्हाच कळलं. कोणता, ते ठरायचं होतं.

हे ठरवणं म्हणजे नुसतं बारसं नव्हे. अशा झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची ढोबळ मानाने दोन घराणी आहेत. एक लिम्फॉइड, दुसरं मायलॉइड. औषधं वेगळी, ती देण्याची रीत वेगळी, आणि आशाही वेगळी. बुटकीच्या वयाला लिम्फॉइड असेल तर आशा बरीच जास्त. भलत्याच घराण्याचं औषध दिलं तर शरीर पार पिळवटून निघतं आणि आजार जागचा हलत नाही. तिच्या पेशी ज्या वेगाने वाढत होत्या ते पाहता संध्याकाळच्या आत औषध सुरू व्हायला हवं होतं, आणि ते बरोबरच असायला हवं होतं.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही पाठीमागे घाईवाले म्हणतो. चालताना त्यांचा कोट त्यांच्या मागून धावत येतो. सकाळी ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, मला एक शब्द हवाय. लिम्फॉइड की मायलॉइड. निबंध नको."

नात्यातल्या माणसाचा नमुना आपण बघू नये, एवढं मलाही कळतं. पण आमचे तिसरे सहकारी लांबच्या रजेवर होते, आणि दुसऱ्या इस्पितळाकडून उत्तर यायला दिवस लागले असते. तेव्हा आम्ही दोघांनीच बघायचं ठरलं. आमच्याकडे एक शिस्त आहे. दोघांनी आपापलं मत वेगवेगळ्या खोलीत बसून संगणकात भरायचं. दोघांचं भरून होईपर्यंत दुसऱ्याचं दिसत नाही, आणि त्याबद्दल कुणाशी अवाक्षर काढायचं नाही. ही शिस्त मीच लावली. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं, आणि आमच्यात तो माझा आहे.

मी काच घेऊन बसले. काचेवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेने तो पुढे ओढत नेतात. सुरुवातीला थर जाड असतो, मग पातळ होत होत शेवटी नुसती फिकट कड उरते. त्या कडेला आम्ही शेपटी म्हणतो. मी नेहमी शेपटीकडून बघायला लागते. माझ्या शिक्षकांनी तशीच सवय लावली, आणि एवढ्या वर्षांत ती मोडायचं काही कारण घडलं नव्हतं. भिंगाखाली पहिल्याच नजरेत मोठमोठ्या, घडी पडलेल्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या, मायलॉइड घराण्यात असतात तशा. हाडातल्या मज्जेच्या काचेवरही शेपटीला तेच. मी लिहिलं, मायलॉइड.

थोड्या वेळाने पडद्यावर त्याचं उत्तर उघडलं. लिम्फॉइड.

मी तडक त्याच्या खोलीत गेले. तिथे मोठं मशीन आहे, ते त्याचं राज्य.

"मशीन नीट लावलं होतंस का?" मी दारातूनच विचारलं.

"तू चष्मा पुसला होतास का?"

एरवी यावर आम्ही हसलो असतो. त्याने खुर्ची सरकवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. या मशीनमधून मज्जेतल्या पेशी एकीमागून एक जातात. कुणाच्या अंगावर कोणती खूण आहे ते चिकटवलेल्या रंगावरून कळतं, आणि प्रत्येक पेशी पडद्यावर एक ठिपका होऊन बसते. हजारो ठिपक्यांमधून संशयित ठिपक्यांभोवती आपण रेघ ओढायची. तिला आम्ही गेट म्हणतो. गेटच्या आतल्यांची झडती होते, बाहेरच्यांना निरोगी समजून सोडून देतात.

"या बघ," तो म्हणाला. "लहान पेशी. सगळ्यांवर लिम्फॉइडच्या खुणा."

"कोवळ्या लिम्फॉइड पेशी निरोगी मज्जेतही असतात. त्याच पकडून बसलायस तू. आणि या मोठ्या? यांना गेटच्या बाहेर का ठेवलंस?"

"त्या निरोगी मोनोसाइट आहेत, संसर्गाशी लढणाऱ्या. नेहमी जिथे बसतात तिथेच बसल्यात. ताप आहे, वाढणारच."

"तिच्या हिरड्या बघितल्यास? अशा हिरड्या कशात सुजतात ते मी सांगायचं तुला?"

"आणि मानेतल्या गाठी? त्या तुझ्या मायलॉइडला शोभतात?"

म्हणजे माझ्या पेशी त्याच्या मते निरोगी आणि त्याच्या पेशी माझ्या मते निरोगी. कुणाच्या तरी नळ्या बदलल्या असतील अशी शंका आली, म्हणून तंत्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी प्रत्येक नळीवरची नावाची चिठ्ठी आमच्यापुढे धरली. बदललेलं काही नव्हतं.

"तू मामा म्हणून बघतोयस," मी म्हणाले. "तुला लिम्फॉइड हवंय म्हणून तुला लिम्फॉइड दिसतंय."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तुला आमच्या घरातलं काही चांगलं बघवतच नाही. पहिल्यापासून."

इतकी वर्षं आम्ही भांडतोय, पण असं तो कधी बोलला नव्हता. मी दार आपटून बाहेर पडले.

बाहेर बाकावर नणंद बसली होती, मांडीवर बुटकीच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी. तिचं आणि माझं फारसं जमत नाही. मी माणसांपेक्षा काचांशी बरी वागते, असं तिने एकदा चारचौघांत सांगितलं होतं. खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मला बघून ती उठली, आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर मला थोडं रक्त दिसलं.

"वहिनी, दादा म्हणाला लिम्फॉइड आहे. ते बरं होतं म्हणे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अवाक्षर काढायचं नाही अशी शिस्त, आणि हा बहिणीला आशा वाटून मोकळा झाला होता.

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणाले.

"पण दादा म्हणाला ना."

"दादा काहीही म्हणेल." मी इतकं तोडून बोलायला नको होतं. ती पुन्हा खाली बसली आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.

बुटकी खोलीत उशांना टेकून बसली होती. ओठ सुकलेले, दातांच्या फटीत रक्ताची रेघ. मला बघताच म्हणाली, "भांडलात ना दोघं?"

"कुणी सांगितलं?"

"तुझं नाक लाल झालंय." ती हसली आणि दुखलं म्हणून थांबली. "भांडा. तुम्ही भांडताय तोवर मला काळजी नाही. मामी, केस जाणार ना माझे?"

"जातील. परत येतील."

"मग आधी मीच कापणार. दुसऱ्याच्या हातात कात्री दिली तर तुझ्यासारखी दिसेन."

मी तिच्या पायावरची चादर उगाच सारखी केली आणि बाहेर आले. जिन्यातच घाईवाल्यांचा फोन आला. "मॅडम, शब्द?"

दोन मतं असली की प्रमुखाचं चालतं. प्रमुख मी आहे. माझ्या कानात अजून नवऱ्याचं ते वाक्य होतं, आणि राग आला की मला सगळं फार स्वच्छ दिसतं, निदान असं वाटतं तरी.

"मायलॉइड," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी फोन ठेवला. आता औषधाची पिशवी भरायला घेतली जाणार होती. मला हलकं वाटायला हवं होतं, ते वाटेना. जिंकलेल्या भांडणात शेवटचा शब्द राहून गेला होता. त्याच्या तोंडावर पुरावा फेकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पुरावा सोपा होता. कोवळ्या लिम्फॉइड पेशी निरोगी असतील तर त्या मज्जेत राहतील, रक्तात उतरणार नाहीत. म्हणजे रक्ताच्या काचेवर त्याच्या पेशी नसणार. मी रक्ताची काच पुन्हा भिंगाखाली ठेवली. तो नेहमी काचेच्या मधूनच बघायला लागतो. शेपटीला पेशी फाटतात, तिथलं काही खरं नसतं, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे, म्हटलं, तुझ्याच जागेवर जाऊन तुला खोटं पाडते. काच सरकवून मी मधोमध आणली.

तिथे त्याच्या पेशी होत्या.

एक-दोन नव्हे, खच पडला होता. लहान, गोल, नुसतं केंद्रकच केंद्रक असलेल्या. इतक्या कोवळ्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तात येतच नाहीत. मी शेपटीकडे गेले; माझ्या मोठ्या पेशी जागेवर होत्या. परत मध्ये आले; त्याच्या लहान. काच फासताना मोठ्या पेशी ओढल्या जाऊन कडेला जमतात आणि लहान मध्येच राहतात. हे आम्ही दोघं दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवतो. आणि दोघं आपापल्या सवयीच्या टोकाला बसून एकमेकांना आंधळं ठरवत होतो.

घाईवाल्यांना फोन लावला, ते उचलेनात. औषध भरण्याच्या खोलीत लावला. "पिशवी वर गेली, मॅडम," तिथली बाई म्हणाली. लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. माझे गुडघे जिन्याला तयार नसतात, पण त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही.

सिस्टर बुटकीच्या मनगटावरचा पट्टा आणि पिशवीवरचा क्रमांक ताडून बघत होत्या. नळी हातात होती.

"थांबा," मी म्हणाले. दम इतका लागला होता की शब्द अर्धाच आला.

"डॉक्टरांनी लेखी दिलंय, मॅडम."

"मी सांगितलं म्हणून दिलंय. मीच थांबवतेय."

बुटकी एकदा पिशवीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. एवढ्यात घाईवाले मागून आले. "मॅडम, आत्ता पक्कं म्हणालात!"

"चुकले," मी म्हणाले. हा शब्द मी फार कमी वापरते. "अर्धंच बघितलं होतं. मला थोडा वेळ द्या."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग मुलीकडे. "माझा राउंड संपेपर्यंत. त्यानंतर मी थांबू शकत नाही. तीही थांबू शकत नाही."

नवरा मशीनपुढे पाठ करून बसला होता. आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी बघायचा एक सूक्ष्मदर्शक आहे, शिकवण्यासाठी. मी त्यावर काच ठेवली.

"बस," मी म्हणाले.

"मला काम आहे."

"तुझ्या पेशी सापडल्या. रक्तात."

तो उठून आला आणि त्याने समोरच्या भिंगाला डोळे लावले. मी काच मधोमध धरली. "या निरोगी नाहीत," मी म्हणाले. "मज्जेतून बाहेर पडून रक्तात पसरल्यात. तू बरोबर होतास."

असं वाक्य माझ्याकडून ऐकायला त्याने अर्धं आयुष्य वाट पाहिली असेल. पण त्याने ते वाक्य मला परत ऐकवलं नाही. डोळे भिंगालाच लावून त्याने एक मोठा श्वास सोडला, आणि मला कळलं की त्याच्या डोक्यात मी नव्हतेच. बुटकी होती. लिम्फॉइड आहे, म्हणजे ती वाचेल, एवढंच त्याने ऐकलं होतं. आता ते मला त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं. मी काच सरकवायला लागले.

"हे कुठे नेतेस?"

"शेपटीकडे."

तो बराच वेळ बघत राहिला.

"या मोनोसाइट नाहीत," शेवटी तो म्हणाला.

"नाहीत."

"फार कोवळ्या आहेत."

"हो."

मग तो मशीनकडे गेला. गेटच्या बाहेर सोडलेल्या ठिपक्यांभोवती त्याने दुसरी रेघ ओढली आणि त्यांची झडती सुरू केली. लहान पेशींना लाल रंग दिला, मोठ्यांना निळा. लालवर लिम्फॉइडच्या खुणा, निळ्यावर मायलॉइडच्या, आणि मोठं झाल्यावर निरोगी पेशीच्या अंगावर जे यायला हवं ते निळ्यावर नव्हतंच. पडद्यावर दोन ढग शेजारीशेजारी उभे राहिले. दोन्ही घराणी एकाच मज्जेत. याला मिश्र म्हणतात. इतका दुर्मिळ प्रकार की आम्ही दोघांनी मिळून बोटांवर मोजण्याइतकेच बघितलेत. आणि दोन्ही घराण्यांपैकी कुठल्याही एकापेक्षा तो हट्टी असतो.

मला त्या क्षणी हरायचं होतं. तो बरोबर आणि मी सपशेल चूक, असं निघालं असतं तर मी नणंदेच्या पाया पडून सांगितलं असतं. नवऱ्याने चष्मा काढला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या घरातलं चांगलं तुला बघवत नाही, असं काही तो आता म्हणाला नाही. मीही त्याला मामा म्हणून हिणवलं नाही. आम्ही दोघांनी एकाच अहवालावर सह्या केल्या.

घाईवाल्यांनी अहवाल उभ्याने वाचला आणि मग, मी त्यांना पहिल्यांदाच असं बघितलं, ते खुर्चीत बसले. "मी एक शब्द मागितला होता."

"एकच आहे," मी म्हणाले. "मिश्र."

त्यांनी मान हलवली. अशा आजारात आधी लिम्फॉइडची औषधं द्यायची, कारण तो त्यांना जास्त दाद देतो. पुढे दोन्ही घराण्यांच्या पेशी हटल्या की दुसऱ्या कुणाची तरी मज्जा बसवायची, त्यासाठी दाता शोधायला आजपासूनच लागायचं. एक तपासणी अजून यायची होती, तिच्यावर एक गोळी वाढणार की नाही ते ठरणार होतं. मायलॉइडची पिशवी परत गेली. दुसरी भरायला सांगितली. मायलॉइडचीच एकटी लागली असती तर दाद कमी मिळाली असती आणि त्यात आठवडे गेले असते, हे ते बोलले नाहीत. मला माहीत होतं.

आम्ही वर गेलो. नणंद पलंगाच्या पलीकडे उभी होती. आम्ही दोघं अलीकडे, एकाच बाजूला.

"नाव सापडलं," नवरा म्हणाला.

"जरा वेगळा प्रकार आहे," मी म्हणाले.

"उपचार लांबतील," तो म्हणाला.

"पण आहेत," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. मीही डोलावली. बुटकीची नजर त्याच्याकडून माझ्याकडे आली, परत त्याच्याकडे गेली.

"जिंकलं कोण?" तिने विचारलं.

"दोघंही बरोबर होतो," नवरा म्हणाला.

"म्हणजे तुमचं एकमत झालंय?"

नणंदेने पलंगाची दांडी घट्ट धरली.

"मग माझं काही खरं नाही," बुटकी म्हणाली. म्हणाली हसतच, पण आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला तिच्या डोळ्यांत भीती दिसली. त्या सुट्टीत आम्ही गप्प बसलो म्हणून झोपेतून उठून आली होती, तशीच.

सिस्टर नवी पिशवी घेऊन आल्या. पट्टा ताडला, नळी जोडली. खोलीत कुणीच बोलत नव्हतं. मला ती शांतता सहन होईना.

मी नवऱ्याकडे वळले. "आणि काय रे, ठरायच्या आधीच बहिणीला सांगत सुटलास? अक्कल काय गहाण ठेवली होतीस?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. "आणि तू? पक्कं म्हणून पिशवी वर पाठवलीस ती? प्रमुख म्हणे!"

"मी निदान थांबवली!"

"गुडघे धरून! शेपटीपलीकडे काच असते हे आज कळलं तुला!"

"तुझ्या गेटातून हत्ती निसटला, हत्ती!"

"जरा हळू," सिस्टर म्हणाल्या.

"त्यांना भांडू द्या," नणंद म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "दादा, वहिनींचं बरोबर आहे. तू काहीही बोलतोस."

"तू मध्ये पडू नकोस!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, आणि एकदम म्हणालो म्हणून घाबरून मी त्याला पंख्यावरून, मिठावरून, सोळा वर्षांपूर्वीच्या त्या खिडकीवरून बोलायला लागले. तोही मागे हटला नाही. वरून औषध थेंबाथेंबाने उतरत होतं. बुटकीने उशीत डोकं टाकलं आणि डोळे मिटले.

तिला झोप लागेपर्यंत आम्ही भांडत होतो.